ना खायचं, ना माळायचं, मग या रोपावर एवढं संशोधन का? (अरॅबिडॉप्सिस)

राहीची_आई | शनिवार, रात्री १०.१२

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, चुकीच्या विभागात पडला असेल तर ॲडमिननी हलवावा.

आमची लेक गेल्या ऑक्टोबरात जर्मनीला, कोलोनला पीएचडीसाठी गेली. झाडांच्या जनुकांवर काम, एवढं आम्हाला माहिती होतं आणि तेवढ्यावर आम्ही खूश होतो. परवा व्हिडिओ कॉलवर तिनं पहिल्यांदा तिची रोपं दाखवली. काळ्या प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये बारीक बारीक कुंड्या, प्रत्येकीत मातीला चिकटून बसलेलं पानांचं एक चक्र, दहाच्या नाण्यापेक्षा थोडं मोठं, आणि काहींच्या मधून वीतभर काडी वर आलेली. काडीच्या टोकाला पांढरी फुलं, ती पण इतकी बारीक की तिनं कॅमेरा अगदी जवळ नेला तेव्हा दिसली. मी विचारलं, हे मोठं झाल्यावर कसं दिसतं? तर म्हणाली, आई हे मोठंच आहे.

सासूबाई शेजारी बसल्या होत्या. वय ८१, माहेर माण तालुक्यातलं, हयात शेतात गेली. बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं हे तण हाय. खुरपून टाकायचं सोडून कुंडीत लावलंय व्हय." लेक म्हणाली हो आजी, तणच आहे, पण जगात ज्याचा सगळ्यात जास्त अभ्यास झालाय ते तण आहे. मग तिची मीटिंग होती, फोन ठेवला. तेव्हापासून सासूबाईंचं रोज एकच. खायचं नाही, गुरांना घालायचं नाही, देवाला वाहायचं नाही, मग पोरगी चार वर्षं त्याच्यापाशी काय करणार?

रोपाचं नाव अरॅबिडॉप्सिस थॅलियाना. मला त्यांना नीट सांगायचंय, काहीतरी सांगून गप्प करायचं नाही, कारण खरं सांगते तोच प्रश्न मलाही पडलाय. इथे कुणी यातलं आहे का?

खमंग_फोडणी | शनिवार, रात्री १०.३१

वाचतेय. लेकीचं मनापासून अभिनंदन! आणि आजींचा प्रश्न एकदम रास्त आहे.

पेट्रीडिश | शनिवार, रात्री ११.५०

राहीची_आई, मी या रोपावर पुण्यात सहा वर्षं काम केलंय त्यामुळे धागा बघून झोप उडाली माझी. जमेल तसं लिहिते, मोठं होईल.

आधी नातं सांगा आजींना. हे मोहरीच्या कुळातलं आहे. मोहरी, कोबी, फ्लॉवर, मुळा, नवलकोल आणि आपला अळीव सगळे याच घरातले. मुळा जून झाला की फुलं येतात बघा, चार पाकळ्या समोरासमोर, आत सहा पुंकेसर, चार लांब दोन आखूड. अरॅबिडॉप्सिसचं फूल हुबेहूब तसंच, फक्त दोन-तीन मिलिमीटरचं. आणि त्याला शेंग येते ती म्हणजे एकदम बारकी डिंगरी. डिंगऱ्यांची भाजी केलेल्या बाईला वेगळं काही समजवावं लागणार नाही.

आता हेच का, तर बी पेरल्यापासून नवीन बी हातात यायला साधारण सहा ते आठ आठवडे. गव्हावर काम करणाऱ्याला वर्षात एक-दोन पिढ्या बघायला मिळतात, आम्हाला सहा-सात मिळायच्या. शेत लागत नाही, एका टेबलावर शेकडो रोपं राहतात, ट्यूबलाइटखाली वाढतात. स्वतःच्याच परागावर बी धरतं त्यामुळे वाण शुद्ध राहतो, आणि मुद्दाम संकर करायचा असेल तर चिमट्याने तोही करता येतो. एका रोपाला हजारो बिया. गुणसूत्रांच्या जोड्या फक्त ५, मोहरीला १८, गव्हाला २१. आणि डीएनएची लांबी साधारण साडेतेरा कोटी अक्षरं, गव्हाची १६०० कोटींच्या वर. म्हणजे एकच गोष्ट शोधायचीय तर चार खोल्यांच्या घरात शोधायची की अख्ख्या चाळीत, असा हिशोब. म्हणूनच डिसेंबर २००० मध्ये पूर्ण जनुकसंच वाचून झालेली पहिली वनस्पती हीच ठरली, तेव्हा साधारण २५,५०० जनुकं मोजली होती.

पानाला लव कशी येते, मूळ खाली आणि कोंब वर कसा जातो, पाणी कमी पडलं की पानाची छिद्रं कशी मिटतात, रोग आला हे झाडाला कळतं कसं, यातलं पुष्कळसं आधी या तणात कळलं आणि मग पिकांत जाऊन तपासलं. थोडक्यात आजींना सांगा, नात तण वाढवत नाहीये, झाड म्हणजे काय ते शिकतेय, आणि त्यासाठी सगळ्यात सरळ धडा जिथे मिळतो ते हे रोप आहे.

कांदेनवमी | रविवार, सकाळी ७.०५

मोहरीतलं आहे म्हणजे फोडणीत चालेल का? :)

पेट्रीडिश | रविवार, सकाळी ८.२०

कांदेनवमी, तडतडायच्या आधीच धूर होईल. बी अर्ध्या मिलिमीटरचं, तपकिरी, एका ग्रॅममध्ये साधारण ५० हजार बिया बसतात. पेरताना आम्ही टूथपिकचं टोक ओलं करायचो आणि त्यावर एकेक बी उचलून मातीवर टेकवायचो, श्वास जोरात सोडला तरी गेली. काढणी पण तशीच, वाळलेल्या शेंगा कागदावर चुरायच्या आणि चहाच्या गाळणीतून चाळायच्या. पहिल्या वर्षी आईने घरातली जुनी गाळणी दिली होती, ती शेवटपर्यंत लॅबमध्ये होती.

ऱ्हाईनकाठी | रविवार, दुपारी २.४४

जर्मनीचा उल्लेख आला म्हणून लिहितो. मी बॉनला राहतो, मेकॅनिकलवाला आहे, पण हे रोप मला माहितीये कारण आमच्या घरासमोरच्या फरसबंदीच्या फटीत ते येतं. एप्रिलमध्ये ट्रामच्या रुळांच्या खडीत, पार्किंगच्या कडेला, कब्रस्तानाच्या वाटेवर सगळीकडे असतं, मे संपेपर्यंत वाळून जातं. वर्षानुवर्षं त्याच्यावर पाय देऊन ऑफिसला जायचो, मग एकदा बोटॅनिकल गार्डनमध्ये पाटी वाचली आणि मटकन खालीच बसलो बघायला.

नावातला थॅलियाना म्हणजे योहानेस थाल, हार्त्स डोंगराच्या भागातला एक डॉक्टर. त्यानं १५७७ च्या सुमारास तिथल्या वनस्पतींची नोंद केली त्यात हे होतं, छापलं गेलं १५८८ ला, त्याच्या मृत्यूनंतर. पुढे आमच्या बॉनमध्येच फ्रीडरिश लायबाख नावाच्या विद्यार्थ्यानं १९०७ ला याची गुणसूत्रं मोजली, पाच जोड्या. पण ती इतकी लहान की पुढे काम करणं अवघड, म्हणून त्यानं सोडून दिलं. कित्येक वर्षांनी परत त्याच रोपाकडे वळला, ठिकठिकाणचं बी गोळा केलं आणि १९४३ मध्ये लिहिलं की जनुकशास्त्रासाठी हे रोप उत्तम आहे, लवकर वाढतं, भरपूर बी देतं. ऐन युद्धाचा काळ, कोण ऐकणार. त्याचीच विद्यार्थिनी एर्ना राइनहोल्ट्स हिनं क्ष-किरण देऊन याचे पहिले म्युटंट, म्हणजे जनुकात बदल झालेली रोपं, तयार केले.

मग लायबाखचं बी जॉर्ज रेडेई या हंगेरियन माणसामार्फत १९५७ मध्ये अमेरिकेत मिझुरीला पोचलं. तिथे कोलंबिया गावात विद्यापीठ आहे, म्हणून आज जगभर जो वाण वापरतात त्याचं नाव कोलंबिया.

राहीची_आई, कोलोन इथून ट्रेनने अर्धा तास. लेकीला काही लागलं तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, संकोच नको.

राहीची_आई | रविवार, दुपारी ३.१०

ऱ्हाईनकाठी, हे वाचून कसं बरं वाटलं सांगू. व्यनि करते.
पेट्रीडिश, डिंगऱ्यांचं सांगितलं सासूबाईंना. म्हणाल्या, "मग भाजी का करत न्हाईत?" म्हणजे गाडी तिथेच आहे.

बांधावरून | रविवार, रात्री ८.५५

मी थोडं उलट बोलणार आहे, राग नसावा. ३१ वर्षं कृषी खात्यात काढली, मराठवाड्यात जास्त. आजींचा प्रश्न मला मुळीच अडाणीपणाचा वाटत नाही. आमच्याकडची पिकं तूर, हरभरा, ज्वारी, सोयाबीन. जगभरातले हुशार पोरं-पोरी एका युरोपातल्या तणावर आयुष्य घालवतात आणि इकडे तुरीवर काम करायला माणूस मिळत नाही. तूर-हरभऱ्याच्या मुळावर गाठी असतात, त्यातले जिवाणू हवेतला नत्र धरतात, आमच्या कोरडवाहू शेतकऱ्याचं फुकटचं खत आहे ते. या तुमच्या रोपाच्या मुळावर गाठी येतात का? नाही येत. मग त्यातून तुरीला काय मिळणार? "मॉडेल" म्हणजे सगळ्यांचं मॉडेल असं धरून चालतात ते मला पटत नाही.

पेट्रीडिश | रविवार, रात्री १०.३५

> या तुमच्या रोपाच्या मुळावर गाठी येतात का? नाही येत.

काका, हे अगदी बरोबर आहे आणि मी त्यात भरच घालते. गाठी तर नाहीतच, पण बहुतेक झाडांच्या मुळांशी जी उपयोगी बुरशी राहते आणि स्फुरद आणून देते, मायकोरायझा, ती सुद्धा मोहरी कुळात नसते. त्यामुळे तो सगळा विषय अरॅबिडॉप्सिसवर करताच येत नाही, त्यासाठी मेडिकॅगो आणि लोटस नावाची दोन शेंगवर्गीय रोपं वापरतात, तीही अशीच छोटी. एकाच रोपात सगळं मिळेल असं या क्षेत्रातलं कुणी जाणतं माणूस म्हणणार नाही.

पण एक उदाहरण देते. शेंग तडकणे. मोहरी वर्गात शेंग वाळली की फट्कन उघडते आणि बी मातीत. ती नेमकी कुठल्या रेषेवर फाटायची ते ठरवणारे जीन (म्हणजे जनुकं) अरॅबिडॉप्सिसमध्ये २००० साली सापडले, नावच शॅटरप्रूफ ठेवलं, कारण ते दोन्ही बंद केले की शेंग उघडतच नाही, बी आत अडकून बसतं. तेच ज्ञान घेऊन कॅनोला या मोहरीच्या कुळातल्या तेलबियांच्या पिकाच्या न तडकणाऱ्या शेंगांवर काम झालं.

बांधावरून | सोमवार, सकाळी ६.४०

तडकण्याचं दुःख मला सांगू नका ताई, दसऱ्याच्या आसपास ऊन तापलं की सोयाबीन शेतात तडतड वाजतं ते मी कानाने ऐकलेलं आहे. कापणीला चार दिवस मजूर मिळाला नाही तर अर्धं पीक जमिनीवर. पण सोयाबीनच्या तडकण्याचं जीन वेगळं आहे ना?

पेट्रीडिश | सोमवार, सकाळी ९.१५

हो, वेगळं आहे, सोयाबीनमध्ये तो शोध सोयाबीनवरच लागला. तुम्ही बरोबर पकडलंत. पण कुठे बघायचं, शेंगेच्या कुठल्या पेशी कडक होतात, कुठला थर सुटतो, हे बघायची नजर आधी तयार होती म्हणून शोधणं सोपं गेलं असं मला वाटतं.

दुसरं, हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांच्या संशोधन संस्थेत अरॅबिडॉप्सिसमधला दुष्काळ सोसायला मदत करणारा एक जीन, ड्रेब, भुईमुगात घालून बघितला, कमी पाण्यात रोपं जास्त तग धरत होती. पण बियाणं म्हणून शेतात ते आलेलं नाही, हेही तितकंच खरं. लॅब ते बांध हे अंतर मोठं आहे आणि तिथे आपण कमी पडतो, या तुमच्या तक्रारीत मी तुमच्या बाजूने आहे.

कांदेनवमी | सोमवार, सकाळी ९.४०

काका आणि ताई, दोघांनाही +१. असं भांडण रोज व्हावं.

फुलवाला_पुरंदर | सोमवार, रात्री ९.२०

मी शास्त्रातला नाही, शेवंती करतो. दोन प्रश्न आहेत. आम्ही शेवंतीला लागणीनंतर काही दिवस रात्री शेतात बल्ब लावतो, माळ सोडल्यासारखे, लांबून जत्रा वाटते. त्याने झाड नुसतं वाढतं, कळी धरत नाही. मग बल्ब बंद केले की सगळी कळी एकदम येते आणि बाजार साधता येतो. दिवस लहान झाला की फूल येतं हे आम्हाला माहिती आहे. पण झाडाला दिवस मोजता कसा येतो आणि झाडाचा कुठला भाग तो मोजतो हे मी तीन कृषी प्रदर्शनांत विचारलं, नीट उत्तर मिळालं नाही. या रोपात त्याचं उत्तर आहे का?

पेट्रीडिश | सोमवार, रात्री ११.०५

दादा, तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवलंत. बहुतेक राहीची_आईंच्या लेकीच्या गावातच या प्रश्नाचं मोठं काम झालंय.

दिवस मोजतं ते पान. शेंड्याला कळी येते पण मोजणी पानात होते, हे शंभर वर्षांपूर्वीपासून अंदाजाने माहिती होतं. १९३०च्या दशकात रशियातल्या चायलाख्यान या शास्त्रज्ञानं म्हटलं की पानातून शेंड्याकडे काहीतरी निरोप जातो, त्याला त्यानं फ्लोरिजेन नाव दिलं. पुढची सत्तर वर्षं लोक तो निरोप्या शोधत होते, कुणाच्या हाती लागला नाही. अरॅबिडॉप्सिसमध्ये फुलं उशिरा येणारे म्युटंट जमवले होते, त्यातूनच धागा मिळाला. पानात कॉन्स्टन्स नावाचं एक प्रथिन बनतं, ते झाडाच्या आतल्या घड्याळाप्रमाणे संध्याकाळच्या बाजूला वाढतं, पण अंधारात लगेच मोडून जातं. दिवस मोठा असेल तर ते वाढतं तेव्हा अजून उजेड असतो, मग ते टिकतं आणि एफटी नावाच्या दुसऱ्या प्रथिनाला चालू करतं. तो एफटी पानातून रसवाहिन्यांतून शेंड्याला जातो आणि शेंडा पानं काढायचं सोडून कळी काढायला लागतो. २००७ मध्ये दाखवलं की हाच तो निरोप्या, कोलोनच्या माक्स प्लांक संस्थेने अरॅबिडॉप्सिसमध्ये आणि जपानी गटाने भातात, एकाच वेळी.

अरॅबिडॉप्सिस मोठ्या दिवसाचं, तुमची शेवंती लहान दिवसाची, म्हणजे गणित उलटं आहे, पण निरोप्या त्याच घराण्यातला. शेवंतीत तर त्याच्या जोडीला कळी अडवणारं एक प्रथिनही सापडलंय. तुम्ही रात्री बल्ब लावता तेव्हा पानाची समजूत अशी होते की रात्र लहान आहे, अजून वेळ आली नाही.

फुलवाला_पुरंदर | मंगळवार, सकाळी ५.५०

ताई, पहाटे फुलं तोडायच्या आधी बॅटरीच्या उजेडात वाचलं. दोनदा वाचलं. निरोप पानातून जातो हे पटलं, कारण बल्ब शेंड्याच्या वर नसून बाजूला कलले तरी काम होतं हे मी बघितलंय. धन्यवाद.

बांधावरून | मंगळवार, सकाळी ७.१५

शाळू पण असाच. कितीही लवकर पेरा, दिवस लहान झाल्याशिवाय पोटरी येत नाही. पेट्रीडिश ताई, हे तुम्ही लिहिलंत ते मला नोकरीत असताना कुणी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं.

खमंग_फोडणी | मंगळवार, दुपारी १.०२

थोडं अवांतर विचारू का? झाडांना गाणं ऐकवलं की वाढतात म्हणतात ते खरं का?

पेट्रीडिश | मंगळवार, दुपारी ३.३०

गाण्याचं नको विचारू, पण २०१४ मध्ये मिझुरीला एक सुंदर प्रयोग झाला. कोबीवरच्या अळीचा पान कुरतडण्याचा जो कंप असतो तो त्यांनी रेकॉर्ड केला आणि अळी नसतानाच अरॅबिडॉप्सिसच्या पानाला तो कंप दिला. नंतर खरी अळी सोडली तर आधी कंप मिळालेल्या रोपांनी मोहरीच्या तिखट द्रव्यांचा साठा जास्त केला. म्हणजे मोहरी वाटताना नाकात जो झणका जातो ना, त्याच जातीचं शस्त्र. वाऱ्याचा किंवा दुसऱ्या किड्याच्या आवाजाचा कंप दिला तर रोपाने असं काही केलं नाही. त्याला फरक कळतो.

आणि हात लावलेला पण कळतो. १९९० मध्ये असं दिसलं की रोपाला नुसता स्पर्श केला किंवा पाणी फवारलं तरी अर्ध्या तासाच्या आत काही जीन जोरात चालू होतात, आणि रोज हात फिरवत राहिलात तर रोप बुटकं राहतं.

कांदेनवमी | मंगळवार, दुपारी ३.५५

बाई गं. म्हणजे आमची आई तुळशीला रोज कुरवाळते ते बंद करायला सांगू का :)

मी पण थोडं शोधलं. या जीनची नावं भन्नाट आहेत, एकाचं सुपरमॅन (त्यात बिघाड झाला की फुलात पुंकेसरच पुंकेसर), आणि सुपरमॅनला गप्प बसवण्यात हात असलेल्या जीनचं क्रिप्टोनाइट! एकाचं टू मेनी माउथ्स, पानावर छिद्रांची दाटी होते म्हणून. आमच्याकडे गणपतीत जेवायला पंगत बसते तेव्हा हेच नाव आठवणार.

ऱ्हाईनकाठी | मंगळवार, रात्री १०.१८

हे रोप चंद्राच्या मातीत पण लावलंय, माहितीये का? २०२२ ला फ्लोरिडा विद्यापीठात. अपोलो ११, १२ आणि १७ वेळी आणलेली माती, पन्नास वर्षं जपून ठेवलेली, नासाने त्यांना एकूण १२ ग्रॅम दिली. रोपाला एक ग्रॅमच्याही आत माती, अंगठ्याएवढ्या खाचेत. बी सगळं उगवलं! पण नंतर रोपं खुरटली, पानं जांभळी पडली, ती माती काचेसारखी धारदार असते म्हणे. त्याआधी १९८२ मध्ये रशियाच्या सॅल्युत ७ यानात याला फूल येऊन बी धरलं होतं, अंतराळात बीपासून बीपर्यंत गेलेलं पहिलं रोप.

एक ग्रॅम मातीत दुसरं कुठलं झाड लावणार? तुरीचं तर मूळही मावलं नसतं.

बांधावरून | बुधवार, सकाळी ६.५५

हे मात्र मान्य. :)

जास्वंदी | बुधवार, दुपारी १२.२०

धागा छान चाललाय. मला फुलांचं विचारायचं होतं, साधा गुलाब पाच पाकळ्यांचा आणि आपण लावतो तो भरगच्च, तो कसा होतो? याचं काही या रोपात कळलं का?

पेट्रीडिश | बुधवार, रात्री ९.४५

जास्वंदी, माझा सगळ्यात आवडता भाग हाच. फुलाला बाहेरून आत चार घेर असतात, निदलं (बाहेरची हिरवी दलं), पाकळ्या, पुंकेसर, मधे स्त्रीकेसर. अरॅबिडॉप्सिसचे काही म्युटंट असे की घेर तेच पण अवयव चुकीचे. निदलाच्या जागी केसर, पुंकेसराच्या जागी पाकळी. ते जमवून मायरोविट्झ आणि कोएन या शास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये एक सोपी गोष्ट मांडली. (कोएन स्नॅपड्रॅगन या फुलावर काम करायचे, तिथेही तेच दिसलं.) जनुकांची अ, ब, क अशी तीन कामं. नुसतं अ असेल तिथे निदल, अ-ब एकत्र तिथे पाकळी, ब-क तिथे पुंकेसर, नुसतं क तिथे स्त्रीकेसर. क बंद पडलं तर? अ आतपर्यंत पसरतं, पुंकेसराच्या जागी पाकळ्या येतात आणि मधे परत नवीन फूल सुरू होतं, त्यात परत पाकळ्या, फुलात फूल. अरॅबिडॉप्सिसमध्ये या म्युटंटला अगॅमस म्हणतात. भरगच्च गुलाबात त्याच जीनचा मुलूख आक्रसलेला असतो, म्हणून पाकळ्या वाढतात.

मी पहिल्यांदा अगॅमस बघितला तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली चार मिलिमीटरचं पांढरं फूल होतं, आणि आतून आतून पाकळ्या उघडतच होत्या. मी कितीतरी वेळ नुसती बघत बसले होते. याला बी धरत नाही, त्यामुळे त्याच्या धडधाकट भावंडांकडून वंश चालवावा लागतो.

वाईट आठवण पण आहे एक. एका मे महिन्यात शनिवारी रात्री आमच्या इमारतीची वीज गेली, जनरेटर सुरू झाला नाही, आणि ग्रोथ रूम २२ अंशावर असायची ती सोमवारी सकाळी दार उघडलं तर भट्टी. फुलोऱ्यातली दोनशे रोपं काड्या माना टाकून पडलेली. मी त्याच आठवड्यात त्यांना बुडवणार होते. बुडवणं म्हणजे फुलोरा आलेली कुंडी उलटी धरून जिवाणूच्या साखरपाण्यात काही सेकंद बुचकळायची, तो जिवाणू आपला जीन फुलात सोडतो आणि पुढच्या बियांपैकी शंभरात एखादं नवीन जीन घेऊन येतं. १९९८ पासूनची ही पद्धत, इतकी सोपी दुसऱ्या कुठल्या झाडात नाही. सहा आठवड्यांचं काम गेलं. पण सहाच आठवडे, हे मी तेव्हा स्वतःला सांगत होते, उसावर काम करणाऱ्या मैत्रिणीचं वर्ष गेलं असतं.

जास्वंदी | बुधवार, रात्री १०.०२

अंगावर काटा आला. दोन्ही वाचून.

कांदेनवमी | गुरुवार, सकाळी ८.३०

हे रोप आपल्या देशात जंगली सापडतं का? की फक्त युरोपात?

पेट्रीडिश | गुरुवार, सकाळी ११.२०

सापडतं, हिमालयात, थंड भागात. काश्मीरमधून गोळा केलेला एक वाण जगभरच्या बियाणं केंद्रांत आहे, त्याचं नाव कास.

राहीची_आई | गुरुवार, सकाळी ११.२८

कास??? आम्ही साताऱ्यात राहतो! आमचं कास पठार??

पेट्रीडिश | गुरुवार, सकाळी ११.४०

नाही हो, काश्मीरचं कास. पण मी सातारच्या लोकांना दरवेळी हे सांगते आणि दरवेळी असाच जीव वरखाली होतो त्यांचा :) अरॅबिडॉप्सिसचे थंड भागातले बरेच वाण असे की काही आठवडे कडक थंडी मिळाल्याशिवाय लवकर फुलतच नाहीत. थंडी संपली हे झाड लक्षात कसं ठेवतं, तो एक वेगळाच मोठा विषय आहे, एफएलसी नावाचा जीन थंडीत हळूहळू बंद होतो आणि नंतर ऊब आली तरी बंदच राहतो.

राहीची_आई | रविवार, रात्री ९.०५

मंडळी, उशीर झाला, पण आज सांगण्यासारखं आहे.

सासूबाईंना मी सगळं थोडं थोडं सांगत होते. गुणसूत्रं वगैरे त्यांनी ऐकून सोडून दिलं. बल्बवाली शेवंती सांगितली तेव्हा मात्र हातातलं निवडणं थांबवलं. म्हणाल्या, शाळूचं तसंच की. आमचा बा म्हणायचा, शाळूला दिवस कळतो. मग विचारलं, "कुठून कळतो ते पोरीच्या गावात सापडलं व्हय?" मी म्हटलं हो, पानातून. तर म्हणाल्या, "पानातून. हां."

आज लेकीचा फोन होता. मी आधीच अळीव पाण्यात भिजत घातला होता, पेट्रीडिशनी नातं सांगितलं होतं ना म्हणून. तासाभरात बी फुगून प्रत्येकाभोवती चिकट काचेसारखं कवच आलेलं. सासूबाईंनी वाटी कॅमेऱ्यापुढे धरली आणि म्हणाल्या, तुझ्या तणाचं बी असं करतं का? लेक दोन सेकंद गप्प झाली. मग म्हणाली थांब आजी, आणि रविवार असून फोन घेऊन लॅबमध्ये गेली. तिथे काचपट्टीवर तिचं बी पाण्यात टाकलं, वर कसलासा गुलाबी रंग सोडला, सूक्ष्मदर्शकाला फोन लावला. आणि काय सांगू, मधे तपकिरी बी आणि भोवती गुलाबी वलय, वाटीतल्या अळिवासारखंच. ती म्हणाली याच्यावर सुद्धा लोक पीएचडी करतात आजी.

सासूबाईंनी चष्मा पुसून परत बघितलं. म्हणाल्या, "अळिवाच्या पोटचंच हाय. नीट पाणी घालत जा."

बांधावरून | रविवार, रात्री ९.३०

आजींना माझा नमस्कार सांगा.

पेट्रीडिश | रविवार, रात्री ९.४२

मी सहा वर्षं काम केलं आणि हे घरी दाखवायचं मला कधी सुचलं नाही. उद्या आईला अळीव भिजवून दाखवणार. तो गुलाबी रंग म्हणजे रुथेनियम रेड, वलय दिसावं म्हणून घालतात.

खमंग_फोडणी | रविवार, रात्री ९.५०

भिजवलेल्या अळिवाचं पुढे काय केलंत? लाडू का? प्रमाण द्या ना.

राहीची_आई | रविवार, रात्री १०.२०

हो लाडूच. पाव वाटी अळीव नारळपाण्यात दोन तास, दोन वाट्या खवलेला ओला नारळ, सव्वा वाटी गूळ, वरून वेलची-जायफळ. मंद आचेवर घट्ट होईपर्यंत. लेकीला पण करायचेत म्हणे आता. ऱ्हाईनकाठी, तिकडे अळीव आणि ओला नारळ कुठे मिळेल?

ऱ्हाईनकाठी | रविवार, रात्री ११.४८

अळीव सोपा आहे, इथे त्याला क्रेसे म्हणतात, कोवळी रोपं छोट्या डब्यात वाढवलेली सुपरमार्केटमध्ये असतात, हे लोक पाव-लोण्यावर घालून खातात. तिला म्हणावं रोपं नको, बी घे, बागकामाच्या विभागात पाकिटं असतात, पण औषध न लावलेलं बघून घे. खवलेला नारळ कोलोन स्टेशनच्या मागे एशियन दुकानात फ्रोजन मिळतो. गूळ माझ्याकडे आहे, शनिवारी नेऊन देतो.